काट्याचा कोड फुकट दिला, आता घर कशावर चालवू?

वाचकाचं पत्र

ताई, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. वय २६. अमरावतीला इंजिनिअरिंग केलं, दोन वर्षं पुण्यात नोकरी केली. बाबांच्या पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा घरी आलो, तो इथंच राहिलो. सहा एकर कोरडवाहू वावर आहे, कापूस आणि तूर.

रात्री मी कोड लिहितो. इलेक्ट्रॉनिक काट्यावरचं वजन केबलमधून थेट कॉम्प्युटरवर घेणारी एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जोडता येणारा तयार कोड, लिहिली आणि तिच्यावर मराठीत वजनपावती छापणारा छोटा प्रोग्रॅम. दोन्ही गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर एमआयटी परवान्याखाली टाकले. गावच्या अडत्याकडे आणि शेजारच्या शेतकरी उत्पादक कंपनीत ते चालतात. पैसे कोणाकडूनच घेतले नाहीत.

आता कळलं की एक सॉफ्टवेअर कंपनी माझी लायब्ररी घालून जिनिंगवाल्यांना पॅकेज विकते. त्यांचेच इंजिनिअर रात्री अकराला मला लिहितात, “अर्जंट आहे, क्लायंटच्या काट्यावर गाड्या उभ्या आहेत.” मी दुरुस्त करून देतो. सीझनमध्ये आठवड्याचे दहा तास यातच जातात. बाबा म्हणतात, “लोकायच्या काट्याले तेल टाकतं, आपल्या घरात काय येते मंग?” एक मित्र म्हणतो, कोड डिलीट करून टाक, म्हणजे समजेल त्यांना. दुसरा म्हणतो, परवाना बदल. देणगीचं बटण लावून पाहिलं, सहा महिन्यांत एकाच माणसाने ५०० रुपये दिले. मला गाव सोडायचं नाही. यात खरंच पैसा आहे का, की पुण्याला परत जाऊ?

नाव छापू नये. जि. यवतमाळ.

उत्तर

बाबांचं बोलणं तुला लागलंय हे पत्रातून कळतं, पण त्यांचा प्रश्न रास्त आहे. घरात काय येतं हे विचारल्याशिवाय कोणतंही काम वर्षानुवर्षं टिकत नाही, कोड लिहिण्याचंही नाही. समाजसेवा करायची की पोट भरायचं, अशी निवड मात्र मनात धरून बसू नकोस. खुल्या कोडवर घर चालवणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. ती कोड विकत नाहीत, कोडच्या शेजारचं काहीतरी विकतात. तुझ्याकडे ते शेजारचं काय आहे, हे आपल्याला शोधायचंय.

आधी परवान्याचं बघू, कारण तुझा राग तिथे अडकलाय. एमआयटी परवाना लावलास तेव्हा कोणीही घ्या, बदला, विका, असं तूच लिहून दिलंस. त्या कंपनीने चोरी केलेली नाही. तिच्यावर अट एकच आहे, तुझी कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत ठेवायचा. त्यांच्या पॅकेजच्या फोल्डरमध्ये तुझं नाव कुठे आहे का, हे एखाद्या ओळखीच्या जिनिंगमध्ये जाऊन बघ. नसेल तर ते मागायचा तुला पूर्ण हक्क आहे. पैसे मागायचा हक्क परवान्यातून मिळत नाही.

पण त्याच परवान्याचा शेवटचा परिच्छेद वाच. तो मोठ्या अक्षरांत असतो आणि तरीही फार थोडे लोक वाचतात. सॉफ्टवेअर ‘आहे तसं’ दिलंय, कसलीही हमी नाही, नुकसान झालं तर लेखक जबाबदार नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. म्हणजे रात्री अकराला त्यांच्या क्लायंटचा काटा चालू करून देण्याचं कोणतंही बंधन तुझ्यावर नाही. तू कोड दिलास, हमी दिली नव्हतीस. ती कंपनी आपल्या गिऱ्हाइकाला हमी देते, त्याचे पैसे घेते, आणि निभावायची वेळ आली की तुला लिहिते. कोड त्यांनी रीतसर घेतला. हमी मात्र ते तुझ्याकडून फुकट घेत आहेत, आणि तुझं दुकान नेमकं इथे आहे.

डिलीट करण्याचा विचार सोडून दे. मार्च २०१६ मध्ये अझेर कोचुलू नावाच्या प्रोग्रॅमरचा एनपीएमशी, म्हणजे तयार कोडची पॅकेजेस वाटणाऱ्या ऑनलाइन कोठाराशी, वाद झाला आणि त्याने आपली अडीचशेहून अधिक पॅकेजेस तिथून काढून घेतली. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं अवघ्या ११ ओळींचं एक पॅकेज होतं. त्याच्यावर इतकी सॉफ्टवेअर उभी होती की जगभर लोकांचं काम काही तास अडलं. एनपीएमने त्याच दिवशी ते पॅकेज परत जागेवर ठेवलं आणि पुढे पॅकेज काढण्याचे नियमच कडक केले. जानेवारी २०२२ मध्ये दुसऱ्या एकाने, कंपन्या फुकट वापरतात या रागातून, ‘कलर्स’ आणि ‘फेकर’ ही आपली पॅकेजेस मुद्दाम बिघडवली. लोक जुन्या आवृत्तीवर गेले, ‘फेकर’ची देखभाल इतरांनी उचलली. दोन्ही वेळा जगाचं लक्ष गेलं, पण पैसा आला नाही. तुझ्या बाबतीत तर कंपनीकडे तिची प्रत राहीलच. अडेल तो गावचा अडत्या आणि ती शेतकरी कंपनी, ज्यांनी तुझं काहीच वाईट केलेलं नाही.

आता पैशाचं. पहिली प्रत लिहायला तुझ्या कितीतरी रात्री गेल्या. दुसरीपासून पुढच्या हजार प्रतींना काहीही लागत नाही. ज्याची प्रत फुकट निघते त्याची किंमत बाजारात शून्याकडेच सरकते, मग तू परवाना कोणताही लाव. पण कोड सांभाळायला खर्च लागतोच. विंडोजची नवी आवृत्ती येते, यूएसबी केबलमधली चिप बदलते, काटेवाला नवं मॉडेल काढतो, आणि काल चालणारा कोड आज अडतो. गावच्या पांधण रस्त्यासारखं आहे हे. गाड्या सगळ्यांच्याच तिथून जातात, मुरूम टाकायची वेळ आली की प्रत्येकाला वाटतं दुसरा टाकेल, आणि ज्याचं वावर टोकाला आहे तो एकटा घमेलं घेऊन उभा राहतो.

हे फक्त तुझ्याच वाट्याला आलंय असं नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी २०२४ मध्ये हिशोब मांडला. खुलं सॉफ्टवेअर नसतं आणि प्रत्येक कंपनीला ते स्वतः लिहून घ्यावं लागलं असतं, तर ८.८ लाख कोटी डॉलर लागले असते. तेच सगळं एकदाच नव्याने लिहायचं म्हटलं तर खर्च सुमारे ४१५ कोटी डॉलर. दोन आकड्यांमधलं अंतर बघ. आणि या मोलातला ९६ टक्के वाटा फक्त ५ टक्के प्रोग्रॅमरांच्या कामातून आलेला आहे. जगाचा भार इतक्या थोड्या खांद्यांवर आहे, आणि ते खांदे थकतात.

देणगीच्या बटणाचं म्हणशील तर ५०० रुपये आले म्हणून तुझं काम हलकं ठरत नाही. ओपनएसएसएल नावाचं सॉफ्टवेअर आहे. इंटरनेटवरच्या बँकांचे, दुकानांचे व्यवहार मोठ्या प्रमाणावर त्याच्या कुलपाने बंद होतात. एप्रिल २०१४ मध्ये त्यात ‘हार्टब्लीड’ नावाची मोठी चूक सापडली, तेव्हा जगाला कळलं की या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणगी मिळायची आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता. अब्जावधीची उलाढाल ज्याच्यावर, त्याला देणगीतून घर चालवता येत नव्हतं. जगाची झोप उडाली, मग मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशन या खुल्या सॉफ्टवेअरच्या संस्थेमार्फत पैसे गोळा केले. बटण राहू दे, त्याने नुकसान काही नाही. पण त्याच्याकडे बघत बसू नकोस. देणगी मागितली की समोरची कंपनी ती कोणत्या खात्यात दाखवायची याच विचारात पडते. बिल दिलं की ते खरेदीच्या खात्यातून निघून जातं.

मग पैसे देतं कोण? कोड फुकट असल्यामुळे ज्याचा धंदा वाढतो, तो देतो. तुझ्या पत्राचं माझ्याकडचं उत्तर एवढंच आहे, बाकीचं सगळं त्याचा विस्तार.

लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम घे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने ते सुरू केलं. आज त्याच्या गाभ्यावर काम करणारे बहुतेक जण पगारी आहेत, आणि पगार देतात इंटेल, गूगल, रेड हॅट अशा कंपन्या. इंटेलला चिप विकायची असते. लिनक्स तिच्यावर उत्तम चाललं तर चिप खपते, म्हणून इंटेल लिनक्सच्या माणसाला पगार देते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या रेड हॅटने कोड खुला ठेवला आणि वर्षाची वर्गणी विकली: आम्ही तपासून देऊ, दुरुस्त्या पाठवू, अडलं तर फोन उचलू. २०१९ मध्ये आयबीएमने ती कंपनी ३,४०० कोटी डॉलरना घेतली. छोटं उदाहरण हवं तर एसक्यूलाइट हा डेटाबेस बघ, तुझ्या फोनमध्येही आहे. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये ते आणलं. त्याला परवान्याचीही अट नाही, पूर्णपणे सार्वजनिक. मूठभर माणसांचा तो चमू मोठ्या वापरकर्त्या कंपन्यांच्या वर्गणीवर आणि सपोर्टच्या करारांवर चालतो. आपल्याकडे मुंबईच्या फ्रॅपेने ईआरपीनेक्स्ट हे हिशोबाचं सॉफ्टवेअर जीपीएल या, त्यावर बांधून वाटलेला कोडही उघडा ठेवायला लावणाऱ्या, परवान्याखाली खुलं ठेवलंय. ज्याला स्वतः बसवता येतं तो फुकट वापरतो. ज्याला सर्व्हरची कटकट नको तो त्यांच्या क्लाउडचे पैसे भरतो.

आता हे तुझ्या तालुक्यात आणू. तुझ्या कोडमुळे कोणाचा धंदा वाढतो?

पहिली ती सॉफ्टवेअर कंपनी, तिच्याकडे शेवटी येते. दुसरा काटे विकणारा, आणि मला तो कंपनीहूनही महत्त्वाचा वाटतो. यवतमाळ, अमरावती, अकोला इथल्या काटेविक्रेत्यांकडे जा. दरवर्षी वैधमापनशास्त्र विभागाच्या पडताळणीसाठी, शिक्क्यासाठी गिऱ्हाईक त्यांच्याकडे येतंच. त्यांचा काटा कॉम्प्युटरला लावला की पावती आपोआप निघते, असं त्यांना सांगता आलं तर काटा विकणं सोपं जातं. इंटेल जे लिनक्ससाठी करते तेच हा विक्रेता तुझ्यासाठी करेल: त्याच्या मॉडेलचा आधार तुझ्या लायब्ररीत घालण्याचे तो पैसे देईल, आणि कोड तरीही खुला राहील. नवीन मॉडेलमागे ठरावीक रक्कम सांग. नमुन्याचा काटा आठ दिवस घरी ठेवायला माग, तो लागेलच.

हे काम तुझ्याइतकं चांगलं दुसरा का करू शकत नाही, ते तुझ्याच कोडमधून सांगते. मी तो उघडून बघितला. काट्याचा इंडिकेटर सेकंदात कितीतरी वेळा एक ओळ पाठवत असतो: वजन स्थिर आहे की हलतंय याची खूण, मग अधिक-उण्याचं चिन्ह, मग आकडे, मग किलो. एका बनावटीचा काटा आकडे सरळ पाठवतो, दुसऱ्याचा उलटे, शेवटचा आकडा आधी. काही काटे स्थिरतेची खूणच पाठवत नाहीत. कापसाची ट्रॉली भुईकाट्यावर चढून डुलत असते, वर हमाल उभा असतो, तेव्हा त्यातला कोणता आकडा पावतीवर घ्यायचा हे प्रोग्रॅमला ठरवावं लागतं. तू तिथे लागोपाठचे आकडे तपासून, फरक काट्याच्या सर्वांत लहान मापाच्या आत आल्याशिवाय पावती निघू देत नाहीस. हे एसीच्या ऑफिसात बसून सुचत नाही. काट्यापाशी उभं राहून, गाडीवाल्याशी बोलून कळतं. कोडची प्रत कोणीही काढेल. हे कळणं, आणि ३०-४० किलोमीटरवरच्या जिनिंगमध्ये तासाभरात पोचू शकणं, याची प्रत निघत नाही.

तिसरं गिऱ्हाईक शेतकरी उत्पादक कंपन्या. प्रोग्रॅम फुकट राहू दे, पण बसवून देणं, काटापट्टीवर त्यांचं नाव घालणं, ऑपरेटरला शिकवणं, वर्षभराची देखभाल, याचे पैसे घे. त्यांच्यासाठी दर हलका ठेव, पण शून्य ठेवू नकोस. फुकट सेवा मागताना माणूस संकोचतो. पैसे भरले की हक्काने फोन करतो आणि तुझंही वेळापत्रक ठरतं.

यात मला मनापासून महत्त्वाची वाटणारी एक गोष्ट सांगते. आपल्याकडे काटा मारल्याची भीती शेतकऱ्याच्या मनात पिढ्यान् पिढ्या बसलेली आहे. ओलाव्याची कटती, मातीची कटती, हे डोळ्यांसमोर तरी होतं. कॉम्प्युटरच्या आत काय होतं ते दिसत नाही. वजन घेणाऱ्या प्रोग्रॅमचा कोड उघडा असणं, कोणीही जाणकार तो वाचून ‘यात किलोभरही कापलं जात नाही’ असं सांगू शकणं, ही कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात लहान गोष्ट नाही. म्हणूनच तो तू बंद करू नयेस असं मला वाटतं. अर्थात खुला कोड म्हणजे समोरच्या मशीनवर तोच कोड चालतोय याची खात्री नव्हे, कोणी बदलून बसवू शकतो. तेव्हा पावतीवर आवृत्तीचा क्रमांक छाप, आणि बसवलेली प्रत तुझ्या मूळ प्रतीशी जुळते का हे तपासणारी सोय कर. ते तपासून लेखी देणं, हीही पैसे घेण्याजोगी सेवा आहे. शेतकरी कंपनीच्या संचालकांना तिचं मोल पटकन कळेल, कारण त्यांना सभासदांना उत्तर द्यावं लागतं.

परवाना बदलण्याबद्दल. दिलेली आवृत्ती परत घेता येत नाही. ती एमआयटीखालीच राहणार, कंपनी तिच्यावर कायम चालू शकते. पुढची आवृत्ती तू वेगळ्या परवान्याखाली काढू शकतोस. मोठ्या कंपन्यांनी हे करून बघितलंय. इलास्टिकसर्च या माहिती शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने २०२१ मध्ये परवाना घट्ट केला, तर ॲमेझॉनने जुन्या कोडवरून ओपनसर्च काढलं. सर्व्हर उभारायच्या टेराफॉर्मने २०२३ मध्ये केला, त्यातून ओपनटोफू निघालं. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये केला, तर लिनक्स फाउंडेशनच्या छताखाली व्हाल्की उभं राहिलं. इलास्टिकसर्च २०२४ मध्ये आणि रेडिस २०२५ मध्ये एजीपीएल हा खुला परवाना घेऊन पुन्हा मोकळे झाले, पण तोवर फाटे फुटले होते. तुझ्या कोडला ॲमेझॉन फाटा फोडणार नाही हे खरं. पण आज आपणहून नवी मॉडेलं जोडून देणारे चार जण निघून जातील, आणि काटेविक्रेता बिचकेल. माझं मत, लायब्ररी एमआयटीखालीच ठेव. जितकी पसरेल तितकी तुझ्या ज्ञानाला मागणी.

पावतीचा प्रोग्रॅम वेगळा. तो पूर्ण तूच लिहिलेला आहे. त्याची पुढची आवृत्ती जीपीएलखाली काढ. अडत्या, शेतकरी कंपनी, कोणीही तो फुकट वापरेल. जी कंपनी तो आपल्या बंद पॅकेजमध्ये घालून विकू पाहील, तिला एक तर आपला कोडही गिऱ्हाइकाला उघडा करावा लागेल किंवा तुझ्याकडून वेगळा व्यावसायिक परवाना विकत घ्यावा लागेल. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या कंपनीने याच रीतीने कित्येक वर्षं धंदा केला. मात्र पुढे बाहेरच्या कोणी त्यात कोड घातला तर त्याची लेखी संमती आधी घे. नाहीतर दुसऱ्याच्या ओळी विकण्याचा अधिकार तुला राहणार नाही.

अनुदानाचं थोडक्यात सांगते. झिरोधा या शेअर दलाली कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरसाठी फ्लॉस/फंड जाहीर केला, वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत, एका प्रकल्पाला १०,००० ते १ लाख डॉलर. पण तो आधीच खूप वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पांसाठी आहे, तू अजून तिथे पोचलेला नाहीस. फॉस युनायटेड ही आपल्याकडची संस्था छोट्या प्रकल्पांनाही मदत करते, तिच्याकडे अर्ज कर. मिळालं तर उत्तम. त्यावर घरखर्चाचा हिशोब मात्र मांडू नकोस.

आता रात्री अकराचं, कारण मला काळजी त्याची जास्त वाटते. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ नावाच्या एका छोट्या पण जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा सापडला. ते सांभाळणारा माणूस एकटा होता, थकला होता, तसं त्याने लिहिलंही होतं. लोक मात्र ‘लवकर कर, जमत नसेल तर दुसऱ्याकडे दे’ म्हणून त्याच्यामागे लागले होते. जिया टॅन नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोनेक वर्षं मदत करून त्याचा विश्वास मिळवला, किल्ल्या हाती आल्या आणि मग घात केला. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला आपल्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्याने मुळाशी जाऊन शोधलं म्हणून जग वाचलं. थकलेला माणूस चुकीच्या हाती किल्ली देतो, आणि तुझ्या कोडमध्ये शेतकऱ्याचं वजन आहे. आजपासून प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर लिही: तक्रारींना उत्तर आठवड्यातून एकदा, रविवारी. त्याआधी हवं असेल तर सपोर्टचा करार. हे लिहिताना तुला उद्धट वाटेल. लिहीच.

दराचं तूच सांगितलेल्या तासांवरून काढू. कापसाचा सीझन नोव्हेंबर ते मार्च, सुमारे २० आठवडे, आठवड्याला १० तास, म्हणजे २०० तास. तासाला ४०० रुपये धरले तरी ८०,००० होतात. कंपनीच्या बाजूने बघ. ऐन सीझनमध्ये एका जिनिंगचा काटा अर्धा दिवस बंद पडला, बाहेर गाड्यांची रांग लागली, तर ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी राहील का? त्यांचा स्वतःचा इंजिनिअर हे शिकायला बसला तर त्याचे दोन महिन्यांचे पगार जातील. त्या मानाने ८०,००० जास्त नाहीत. निम्मे आगाऊ माग. पैसे देणगी म्हणून घेऊ नकोस, सेवेचं रीतसर बिल दे. यवतमाळच्या एखाद्या सीएकडे एकदा बसून बिलाचा नमुना आणि आयकराचं समजून घे, विशेषतः उद्या परदेशातून कोणी पैसे पाठवले तर.

पुण्याचा रस्ता बंद करू नकोस. जॉश लर्नर आणि ज्याँ तिरोल या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्येच मांडलं होतं की खुला कोड लिहिणाऱ्याला एक मोठा फायदा होतो: त्याचं कौशल्य सगळ्यांना उघड दिसतं, आणि पुढे नोकरीत त्याचं मोल मिळतं. तुझी लायब्ररी हे तुझं प्रमाणपत्रच आहे. घरून करायच्या अर्धवेळ कामासाठी अर्ज करतानाही तीच पुढे कर. या सीझनला मुदत दे. मार्चअखेर दोन सशुल्क करार हातात असतील तर पुढचं वर्षही गावातच काढ. एकही नसेल तर जूनच्या पेरणीआधी नोकरी धर. लायब्ररी रविवारपुरती ठेवलीस तरी चालेल. आठ-दहा जिनिंगच्या जोरावर पूर्ण घर चालेल असं मी तुला सांगणार नाही. शेती, दोन-तीन करार आणि थोडं बाहेरचं काम मिळून चालू शकतं, आणि तू गावात राहू शकतोस.

बाबांना तत्त्वज्ञान सांगायला जाऊ नकोस. तासांचा हा हिशोब त्यांच्यासमोर कागदावर मांड. ज्या माणसाने आयुष्यभर अडत, हमाली, तोलाई वजा करून हातात किती उरलं ते मोजलं, त्याला तुझा दर बरोबर आहे की नाही हे तुझ्या मित्रांपेक्षा चांगलं कळेल. कंपनीशी बोलण्याआधी त्यांना विचार.

कंपनीला पाठवायचं पत्र असं लिही, याहून लांब नको:

“नमस्कार. आपल्या पॅकेजमध्ये माझी काटा-लायब्ररी वापरली जाते याचा आनंद आहे. परवान्याप्रमाणे माझी कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर पॅकेजसोबत ठेवावा. यापुढे प्रकल्पावरच्या तक्रारींना मी दर रविवारी उत्तर देईन. आपल्या ग्राहकांसाठी सीझनमध्ये त्याच दिवशी दुरुस्ती हवी असल्यास नोव्हेंबर ते मार्च असा सपोर्ट करार देऊ शकतो. त्यात सकाळी आठ ते रात्री आठ फोन, नव्या दोन काट्यांचा आधार आणि दारव्हा, दिग्रस, नेर, यवतमाळ परिसरात प्रत्यक्ष भेट येईल. शुल्क ८०,००० रुपये, निम्मे करारावेळी. कोड पूर्वीसारखाच खुला राहील.”

हे इंजिनिअरला पाठवू नकोस, त्याच्या हातात पैसे मंजूर करणं नसतं. मालकाला किंवा सपोर्ट विभागाच्या प्रमुखाला पाठव, आणि सोबत गेल्या सीझनमध्ये त्यांच्यासाठी तू सोडवलेल्या अडचणींची तारखांसकट यादी जोड. गिटहबवर ती सगळी नोंद आहेच. ते घासाघीस करतील. रक्कम थोडी कमी केलीस तर कामही कमी कर, भेटी वगळ किंवा फोनची वेळ आखूड कर. त्याच कामाला कमी पैसे, हे मान्य करू नकोस. दसऱ्याच्या आसपास पत्र पाठव. कापूस काट्यावर यायला लागला की त्यांना वाचायला सवड नसेल आणि तुलाही वेचणीतून.

— ताई